मॉलमधील कर्मचाऱ्यांचे वय वाढतेय, मावळातील मोठी दुकाने तयार आहेत का?

लोणावळा, तळेगाव दाभाडे, वडगाव मावळ : सुपरमार्केटमधील नोकरीच्या जाहिरातीत पगाराआधी अनेकदा वयाची अट दिसते. ‘१८ ते २८’ किंवा ‘३० वर्षांपर्यंत’. पण पंचविशीत बिलिंग काउंटरवर उभा राहिलेला कर्मचारी पंधरा वर्षांनी चाळिशीचा होतो. त्याचे पुढे काय, याचे उत्तर जाहिरातीत नसते. बहुतेक कंपन्यांच्या मनुष्यबळ धोरणातही ते शोधावेच लागते.

मुद्दा नेमका काय?

देशात २०२१ मध्ये साठीपुढील नागरिकांचे प्रमाण सुमारे १०.१ टक्के होते. अधिकृत अंदाजानुसार २०३१ मध्ये ते १३.१ टक्के होईल. याचा अर्थ काम करणाऱ्यांचे सरासरी वयही वाढत जाणार. मोठ्या किरकोळ विक्री कंपन्या मात्र अजूनही तरुण मुले येत राहतील आणि दोन-तीन वर्षांत नोकरी सोडतील, हे गृहीत धरून चालतात.

मावळात चाळिशीनंतर नवी नोकरी शोधण्याचा प्रश्न पुस्तकी नाही. तळेगावच्या जनरल मोटर्स प्रकल्पातील उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबले. हजारांहून अधिक कायम कामगारांच्या रोजगाराचा वाद त्यानंतर दीर्घकाळ चालला. अशा अनुभवी हातांसाठी जवळच्या मोठ्या दुकानाचे दार वयाच्या अटीमुळे बंद असेल, तर नुकसान दोघांचेही आहे.

मावळाचे वेगळेपण काय?

येथील दुकानांत एकाच शिफ्टमध्ये निरनिराळ्या अडचणी असलेली माणसे काम करतात. कोणी कामशेत किंवा कान्हेहून लोकलने येते, कोणी परराज्यातून येऊन भाड्याच्या खोलीत राहते, तर कोणाचे घर भातशेतीवर चालते. जून-जुलैत पाऊस सुरू झाला, की लोणावळ्यात पर्यटकांची झुंबड उडते आणि शनिवार-रविवारी दुकानांना जास्तीत जास्त माणसे लागतात. नेमक्या त्याच दिवसांत मावळात भातलावणी असते. शेतकरी कुटुंबातील महिलेला सुट्टी हवी असते आणि व्यवस्थापकाला ती देता येत नाही.

यालाच व्यवस्थापनाच्या भाषेत ‘मनुष्यबळातील विविधता’ म्हणतात. ती सांभाळणे म्हणजे भिंतीवर पोस्टर लावणे नव्हे. लावणीची रजा, लोकलची वेळ आणि गुडघेदुखी यांचा विचार करून शिफ्टचा तक्ता आखणे म्हणजे विविधता सांभाळणे.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा, २०१७ भरती, प्रशिक्षण, बदली, पदोन्नती आणि वेतनात महिलांशी भेदभाव करण्यास मनाई करतो. ५० किंवा अधिक कामगार असतील, तर पाळणाघराची सोय करावी लागते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ नुसार प्रत्येक आस्थापनेला समान संधी धोरण जाहीर करावे लागते.

वयाच्या बाबतीत मात्र पोकळी आहे. खासगी नोकरीत वयावरून भेदभाव रोखणारा सर्वसाधारण कायदा भारतात नाही. अमेरिकेत चाळिशीपुढील कामगारांसाठी असा कायदा १९६७ मध्येच झाला. बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना ‘सेबी’च्या नियमानुसार महिला आणि दिव्यांग कर्मचाऱ्यांची संख्या जाहीर करावी लागते. पन्नाशीपुढचे किती, हे सांगण्याचा रकाना त्यात नाही. जे मोजले जात नाही, त्यावर संचालक मंडळात चर्चाही होत नाही.

एक दिलासा आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार ४० वर्षांपुढील कामगारांना वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी आणि सर्वांना नियुक्तिपत्र मिळेल, असे केंद्र सरकारने म्हटले आहे. दुसरीकडे, सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकानांतील कामाची दैनंदिन मर्यादा ९ वरून १० तास करण्यास मंजुरी दिली. दहा तास उभे राहणे पंचविशीत आणि पन्नाशीत सारखे नसते.

इतरत्र काय घडले?

केरळमध्ये कापड दुकानांतील महिलांना दिवसभर बसू दिले जात नसे. कोळिकोडच्या पी. विजी यांच्यासह अनेकींनी त्याविरुद्ध लढा दिला. २०१८ मध्ये केरळने आणि २०२१ मध्ये तमिळनाडूने कायदा बदलून दुकानांत बसण्याची सोय बंधनकारक केली.

ब्रिटनमधील ‘बी अँड क्यू’ कंपनीने १९८९ मध्ये मॅकल्सफील्ड येथील स्टोअर पूर्णपणे पन्नाशीपुढील कर्मचाऱ्यांवर चालवून पाहिले. इतर स्टोअरशी तुलना केली तेव्हा नफा १८ टक्के अधिक आणि नोकरी सोडण्याचे प्रमाण जवळपास सहापट कमी आढळले. जपानमधील ‘नोजिमा’ या इलेक्ट्रॉनिक्स विक्री कंपनीने २०२० मध्ये ८० वर्षांपर्यंत काम करण्याची मुभा दिली.

उलट उदाहरणही आहे. अमेरिकेत ‘वॉलमार्ट’ने २०१९ मध्ये दारात स्वागत करणाऱ्यांच्या कामात वजन उचलणे आणि शिडी चढणे यांसारख्या अटी घातल्या. अनेक दिव्यांग कर्मचाऱ्यांची नोकरी धोक्यात आली. टीका झाल्यावर कंपनीला त्यांच्यासाठी पर्यायी कामे शोधावी लागली. कामाची अट कशी लिहिली जाते, यावरच कोण टिकणार हे ठरते.

कंपन्यांची अडचण खरी आहे का?

काही अंशी आहे. किरकोळ विक्रीत नफ्याचे प्रमाण कमी असते, गोडाऊनमधील पोती उचलावी लागतात, बिलिंगची प्रणाली वारंवार बदलते. पण प्रत्येकाने प्रत्येक काम केलेच पाहिजे असे नाही. तक्रार निवारण, माल परत घेणे, मालाची तपासणी आणि नव्या मुलांना शिकवणे ही कामे अनुभवी माणूस अधिक चांगली करतो. नवी प्रणाली शिकायला त्याला दोन दिवस जास्त लागतील. मात्र तो सहा महिन्यांत नोकरी सोडून गेला नाही, तर पुन्हा भरती आणि प्रशिक्षणाचा खर्च वाचतो.

सुरुवात फार महाग नाही. बिलिंग काउंटरमागे उंच स्टूल, शिफ्टमध्ये कामांची अदलाबदल, अर्धवेळ कामाचा पर्याय, लावणीसाठी आधी ठरवलेली रजा आणि जाहिरातीतून वयाची अट वगळणे, एवढ्यापासून ती करता येते.

कर्मचाऱ्यांनी काय तपासावे?

- नियुक्तिपत्र कोणाच्या नावाने आहे, कंपनीच्या की कंत्राटदाराच्या? कंत्राटदार बदलला तरी पीएफचा यूएएन क्रमांक तोच ठेवावा.
- पीएफच्या निवृत्तिवेतनासाठी किमान १० वर्षांची सेवा लागते आणि ते ५८व्या वर्षी सुरू होते. सप्टेंबर २०१४ पासून किमान रक्कम महिना १,००० रुपये आहे. त्यामुळे सेवेतील प्रत्येक वर्षाची नोंद महत्त्वाची.
- ईएसआयमध्ये किमान पाच वर्षे विमाधारक राहून निवृत्त झाल्यास वर्षाला १२० रुपये भरून पती-पत्नीला वैद्यकीय सुविधा सुरू ठेवता येते.

कायद्यात वयाची तरतूद यायला वेळ लागेल. तोवर कंपन्यांनी आपल्या अहवालात कर्मचाऱ्यांचा वयोगट स्वतःहून जाहीर करावा आणि राज्य सरकारने केरळप्रमाणे बसण्याच्या हक्काची स्पष्ट हमी द्यावी. आज बिलिंग काउंटरवर असलेल्या मुलामुलींना चाळिशीतही तिथे सन्मानाने काम करता येईल का, हे आता घेतलेल्या निर्णयांवर ठरणार आहे.