चितवनची सफर आणि थारूंचा हिशेब

शहरी मध्यमवर्गाच्या सुटीच्या कार्यक्रमात जंगलसफारीने आता कायमचे स्थान मिळविले आहे. महाराष्ट्रातून नेपाळच्या यात्रेस निघणाऱ्या सहलींतही काठमांडू आणि पोखरा यांच्या जोडीला चितवन राष्ट्रीय उद्यानाचा मुक्काम बहुधा असतोच. राप्ती नदीच्या काठी सौराहा येथे उतरावयाचे, सकाळी सावरीच्या एकाच खोडातून कोरलेल्या होडीत बसून नदीतील सुसरी व पक्षी पाहावयाचे, दुपारी मार्गदर्शकासह उघड्या जीपमधून सालवनात आणि उंच गवताच्या रानात तीन-चार तास हिंडावयाचे, एकशिंगी गेंडा दिसला की छायाचित्र घ्यावयाचे आणि रात्री थारूंचे काठीनृत्य पाहून झोपी जावयाचे, असा हा क्रम आहे.

यात निंद्य असे काही नाही. अरण्यातील आनंद हा मूठभरांचा मक्ता असू नये. उलट तो गिरणीतल्या कामगाराला आणि खेड्यातल्या शिक्षकालाही लाभला पाहिजे, असेच समाजवादी म्हणेल. परंतु कोणत्याही उपभोगाबाबत जो प्रश्न समाजवाद्याने विचारावयाचा असतो, तो येथेही विचारला पाहिजे. या आनंदाची किंमत कोण देतो आणि त्यातून निर्माण होणारे उत्पन्न कोणाच्या हाती जाते? प्रवासी तिकीट काढतो, जीपचे भाडे देतो, हॉटेलचे बिल चुकते करतो आणि आपण पूर्ण किंमत दिली असे समजतो. ही समजूत खरी नाही.

चितवनचा इतिहास पाहिला म्हणजे हे स्पष्ट होते. हिमालयाच्या पायथ्याची ही उष्ण, दमट दरी शतकानुशतके हिवतापाने ग्रस्त होती. तेथे टिकून राहिले ते मुख्यतः थारू, आणि नदीवर जगणारे बोटे, माझी व मुसहर. राणा राज्यकर्त्यांच्या काळात हे रान म्हणजे त्यांची राखीव शिकारभूमी होती. १९११ साली दिल्ली दरबारानंतर इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज येथे पंतप्रधान चंद्र शमशेर यांचा पाहुणा म्हणून आला, तेव्हा अकरा दिवसांच्या शिकारीत ३९ वाघ आणि १८ गेंडे मारले गेले. जंगलाच्या नाशाचा दोष पुढे ज्यांच्या माथी मारला गेला, ते थारू अशा शिकारींचे यजमान नव्हते.

राणाशाही १९५१ साली संपली. त्यानंतरच्या वर्षांत अमेरिकन मदतीने डीडीटीची फवारणी झाली, हिवताप हटला आणि डोंगराळ भागातील भूमिहीन व गरजू शेतकरी सरकारी योजनेनुसार दरीत उतरले. १९६० चे दशक संपेपर्यंत चितवनचे सुमारे ७० टक्के जंगल तोडले गेले आणि गेंड्यांची संख्या अवघ्या ९५ वर आली. संरक्षणाची गरज होती यात शंका नाही. मात्र ते संरक्षण कोणत्या राजवटीत आले हे विसरता येत नाही. नेपाळचे पहिले निवडून आलेले पंतप्रधान विश्वेश्वरप्रसाद कोईराला यांचे सरकार राजा महेंद्र यांनी डिसेंबर १९६० मध्ये बरखास्त केले, स्वतः कोईराला यांना तुरुंगात टाकले आणि राजकीय पक्षांवर बंदी घातली. भारतीय समाजवाद्यांचा हा सहप्रवासी बंदिवासात असतानाच, १९६४ साली, गेंड्यांच्या अभयारण्यासाठी चितवनमधून सुमारे २२,००० लोकांना हलविण्यात आले. त्यांची बाजू मांडण्यास ना विरोधी पक्ष होता, ना खरी संसद. १९७३ साली तेथे नेपाळचे पहिले राष्ट्रीय उद्यान घोषित झाले आणि थोड्याच वर्षांत त्याच्या राखणीस सैन्य आले.

संरक्षणाला यश आले, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. २०२१ सालच्या गणनेत नेपाळात ७५२ गेंडे आढळले, पैकी ६९४ एकट्या चितवनमध्ये. २०२२ च्या गणनेत येथे १२८ वाघ नोंदले गेले. माओवादी संघर्षाच्या काळात चोरट्या शिकारीने मोठी हानी झाली होती. ती भरून निघून पुढे एकही गेंडा चोरट्या शिकारीत न गमावलेली वर्षे नेपाळने पाहिली. एका गरीब देशाने हे साधले, याचे मोल कमी लेखणे अन्यायाचे होईल.

परंतु हे यश फुकट मिळालेले नाही, आणि त्याचा बोजा सर्वांवर सारखा पडलेला नाही. गेंडा उद्यानाची हद्द ओळखत नाही. रात्री तो नदी ओलांडून भाताच्या आणि गव्हाच्या शेतात येतो. उभे पीक राखण्यासाठी मचाणावर जागणारा शेतकरी, चारा आणण्यास गेलेली व परत न आलेली स्त्री, ही या संरक्षणाची खर्चाची बाजू होय. ज्या नदीवर बोटे आणि माझी यांच्या पिढ्या जगल्या, त्या नदीत जाळे टाकण्यासाठी त्यांना आता परवाना लागतो आणि त्यालाही अटी असतात. प्रवाशांना होडीतून फिरविणे त्यांना खुले आहे. त्याच पाण्यातील मासा धरणे मात्र गुन्हा ठरू शकते. जुलै २०२० मध्ये तर, साथीमुळे सारा देश घरात बसलेला असताना, माडी भागातील कुसुमखोला येथे चेपांग या अत्यंत गरीब आदिवासी जमातीच्या दहा कुटुंबांची घरे उद्यानाच्या कारवाईत नष्ट करण्यात आली. काही जाळली गेली, बाकीची हत्ती लावून पाडली गेली. ज्या जातीच्या प्राण्यावर बसून प्रवासी वनशोभा पाहतो, त्याच प्राण्याच्या बळाने झोपडी मोडावी, यापेक्षा या व्यवस्थेतील विसंगतीचा स्पष्ट दाखला शोधावा लागणार नाही.

आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. हिवाळ्याच्या अखेरीस प्रवाशाला प्राणी चांगले दिसतात, कारण पुरुषभर उंचीचे गवत तेव्हा कापलेले व जाळलेले असते. हे गवत कापतात ते आसपासचे गावकरी. घरावर शाकारण्यासाठी खर नावाचे गवत व बोरू नेण्याची मुभा त्यांना वर्षातून मोजके दिवस मिळते, आणि ती मुदत पूर्वीपेक्षा कमी करण्यात आली आहे. त्या कापणीमुळे गवताळ रान रान म्हणून टिकते, नवा कोंब फुटतो, हरणे येतात आणि जीपमधील पाहुण्यास दूरवर नजर टाकता येते. म्हणजे ज्याला गावकऱ्याला दिलेली सवलत म्हटले जाते, त्यात त्याने उद्यानाला दिलेले बिनमोल श्रमही आहेत.

येथे अर्थशास्त्रातील एका जुन्या संकल्पनेचा उपयोग होतो. ज्या उत्पन्नामागे मालकाचे श्रम किंवा भांडवल नसून केवळ दुर्मिळ अशा निसर्गदत्त साधनावरील ताबा असतो, त्यास रिकार्डोपासून खंड म्हटले जाते. सौराहातील एखाद्या हॉटेलची खोली इतर गावातील तशाच खोलीपेक्षा अधिक भाड्याने जाते, ती गादी अधिक मऊ असते म्हणून नव्हे. पलीकडच्या काठावर गेंडा आहे म्हणून. तो गेंडा हॉटेलमालकाने निर्माण केलेला नाही, सहल काढणाऱ्या कंपनीनेही नाही. तो टिकला तो दोन कारणांनी. सरकारी तिजोरीने सैन्याचा व वनखात्याचा खर्च सोसला, आणि काठावरच्या गावकऱ्याने आपली जमीन, आपला चारा, आपली नदी व कधी कधी आपला जीव दिला. मग या खंडावर पहिला हक्क कोणाचा, याचे उत्तर अवघड नाही.

नेपाळने या उत्तराच्या दिशेने एक पाऊल टाकले आहे, ते भारतीय वाचकाने नीट समजून घेण्यासारखे आहे. लोकशाहीच्या पुनःस्थापनेनंतर १९९३ साली कायद्यात दुरुस्ती होऊन, राष्ट्रीय उद्यानाच्या उत्पन्नापैकी ३० ते ५० टक्के रक्कम बफर क्षेत्रातील लोकांच्या विकासासाठी खर्च करण्याची तरतूद झाली. १९९६ साली चितवनभोवती असे क्षेत्र जाहीर झाले आणि गावोगाव उपभोक्ता समित्या स्थापन झाल्या. सौराहाजवळील बाघमारा येथे उजाड झालेल्या गायरानावर १९८९ पासून झाडे लावण्यात आली. ते सामुदायिक वन आज स्वतःच सफारीचे स्थळ झाले असून त्याचे शुल्क उपभोक्त्यांच्या संस्थेकडे जाते. उद्यानाच्या हद्दीत पूर्वी चालणारी खाजगी हॉटेलेही २०१२ साली बंद झाली, कारण सरकारने त्यांचा करार पुढे वाढविला नाही. लोकमताचा रेटा असला तर खाजगी भांडवलाला अरण्यातून बाहेर काढता येते, हे यावरून दिसते.

तरीही हे पाऊल अपुरे आहे. पहिली उणीव अशी की, हा वाटा उद्यानाच्या स्वतःच्या उत्पन्नातून मिळतो. हॉटेले, वाहतूक आणि सहल कंपन्या यांच्या नफ्यात दडलेला खंड त्याच्या कक्षेबाहेरच राहतो. दुसरी उणीव अशी की, रस्ता, बांध, कालवा अशा कामांवर पैसा खर्च झाला म्हणजे त्याचा लाभ प्रथम जमीनधारकास होतो. ज्याचे नुकसान नदीत आणि रानात झाले, त्या भूमिहीन बोट्यास किंवा मुसहरास त्या बांधाचे काय? तिसरी आणि मूलभूत उणीव ही की, वाटा म्हणजे हक्क नव्हे. आदिवासींच्या हक्कांविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १६९ क्रमांकाचा करार नेपाळने २००७ साली मान्य केला; त्यानंतर तेरा वर्षांनी चेपांगांची घरे पाडली गेली. ज्याला उत्पन्नाचा टक्का मिळतो पण जमिनीवर उभे राहण्याचा अधिकार मिळत नाही, तो भागीदार नसून आश्रित असतो.

सफारीतील श्रमिकाचा विचारही याच संदर्भात केला पाहिजे. पायी सफरीत पाहुण्यांच्या पुढे एक व मागे एक असे किमान दोन मार्गदर्शक असतात. त्यांच्या हाती काठीपलीकडे शस्त्र नसते. गेंडा अंगावर आला तर पाहुण्याला झाडामागे ढकलून स्वतः समोर उभे राहणे हे त्यांचे काम, आणि ते करताना मार्गदर्शक मारले गेले आहेत. त्यांची मिळकत हंगामावर व बक्षिशीवर अवलंबून असते. २०२० साली पाहुणे थांबले तेव्हा मिळकतही थांबली. जोखीम कायमची आणि रोजगार हंगामी, ही स्थिती ऊसतोडणी कामगाराची बाजू मांडणाऱ्यांना नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही.

हा प्रश्न परक्या देशाचा म्हणून सोडून देता येणार नाही. महाराष्ट्रातील पहिले राष्ट्रीय उद्यान ताडोबा येथे १९५५ साली झाले. तेथील गाभा क्षेत्रातील गावे उठविण्यात आली आणि आज त्याच्या दारांशी जीपगाड्यांच्या रांगा लागतात. त्याच चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यात, मे २०२५ मध्ये तेंदूपत्ता तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्यू पावल्या. जीपमध्ये बसून वाघ पाहण्यासाठी पैसे मोजणारा नागरिक आणि पानांच्या पुड्यासाठी पायी रानात शिरणारी मजूर स्त्री, दोघांचे जंगल एकच, वाघही तोच.

भारताचा कायदा मात्र नेपाळच्या उलट बाजूने अपुरा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेच्या संमतीवाचून वनवासीयांचे हक्क हिरावता येणार नाहीत असे म्हटले. त्याच वर्षी वन्यजीव कायद्यात झालेल्या दुरुस्तीने व्याघ्र प्रकल्पांतील पुनर्वसन स्वेच्छेचे असले पाहिजे असे ठरविले. म्हणजे हक्क कागदावर आला. पण प्रवेशशुल्काचा अमुक टक्का ग्रामसभेस द्यावा, असे बंधन वन्यजीव कायद्यात घातले गेले नाही. नेपाळात हक्कावाचून वाटा आणि भारतात वाट्यावाचून हक्क, अशी ही अर्धी-अर्धी न्यायव्यवस्था आहे.

समाजवादी कार्यकर्त्यांनी या दोन अर्ध्या भागांची जोड घालण्याची मागणी केली पाहिजे. प्रवेशशुल्कातील वाटा ग्रामसभेला कायद्याने, निश्चित टक्केवारीने आणि थेट मिळावा. उद्यानाच्या परिघातील हॉटेले व रिसॉर्ट यांवर स्वतंत्र कर बसवून तो याच निधीत जमा व्हावा. या निधीवर पहिला अधिकार भूमिहीनांचा, पीक गमावलेल्यांचा आणि हल्ल्यात कर्ता माणूस गमावलेल्या घरांचा असावा. मार्गदर्शक, जीपचालक व माहूत यांना वर्षभराचे किमान वेतन आणि अपघात विमा मिळावा. ग्रामसभेची लेखी संमती नसेल तेथे एकही घर हलू नये. या मागण्यांत वाघाच्या विरुद्ध काही नाही. ज्या गावाला वाघापासून केवळ भय मिळते, त्या गावाच्या सदिच्छेवर वाघ फार काळ जगणार नाही, हे वनखात्यासही ठाऊक आहे.

पक्षाच्या हितचिंतकांपैकी जे सुटीत अशा सफरीस जातील, त्यांनी अवश्य जावे. मात्र मार्गदर्शकाला गेंडा कोठे दिसेल एवढेच विचारून थांबू नये. त्याला वेतन किती मिळते, तिकिटातला वाटा त्याच्या गावात पोहोचतो काय, आणि आपण फिरतो त्या जागी पूर्वी कोणाचे गाव होते, हेही विचारावे. मिळालेली उत्तरे परत आल्यावर शाखेच्या बैठकीत मांडावीत; चंद्रपूर, गोंदिया, अमरावतीच्या कार्यकर्त्यांना त्यांचा उपयोग होईल.