पन्नाशीचा गुन्हा

राहाता तालुक्यात साखर कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळ लावणारी एक पिढी होती. त्या पिढीतील जी माणसे आज पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे आहेत, ज्यांचे हातपाय धड आहेत आणि नोकरी मात्र गेली आहे, त्यांच्या वतीने आज आम्ही लेखणी उचलीत आहोत. ही माणसे मोर्चे काढीत नाहीत. त्यांची संघटना नाही, कारण संघटना कामावर असणाऱ्यांची असते. सकाळी ती घरून निघतात, शिर्डीच्या एखाद्या हॉटेलात रखवालदाराची जागा आहे काय ह्याची चौकशी करतात आणि दुपारी परत येतात. कोठे गेला होतात, असे घरी कोणी विचारीत नाही. विचारू नये एवढा समजूतदारपणा आता घराला आलेला असतो.

उद्योगाचे इतके चढउतार ग्रामीण महाराष्ट्रातील फार थोड्या तालुक्यांनी पाहिले असतील. सहकारी साखर कारखानदारीचा ओनामा ज्या लोणीत विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ ह्यांनी १९५० च्या सुमारास गिरविला, ती लोणी ह्याच तालुक्यातली. पुणतांब्याचा चांगदेव साखर कारखाना एके काळी गजबजलेला होता; तो बंद पडून आता वर्षे लोटली. गणेशनगरच्या कारखान्याने बंद हंगामही पाहिले आणि दुसऱ्याने चालवायला घेणेही पाहिले. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने खासगी कारखान्यांच्या जमिनी सरकारकडे आल्या, त्यांच्यासाठी १९६३ साली शेती महामंडळ स्थापन झाले आणि त्याच्या मळ्यांवर बाप, मुलगा, नातू असे एकामागून एक राबले. पुढे महामंडळ तोट्यात रुतले आणि त्याच्या जमिनी मूळ खंडकऱ्यांकडे परत जाऊ लागल्या. खंडकऱ्यांना जमीन मिळाली हे न्याय्यच झाले. पण त्या जमिनीवर हयात घालविणाऱ्या मजुराच्या पदरात काय पडले, ह्या प्रश्नाचे उत्तर देताना प्रत्येक सरकारने आवंढाच गिळला आहे.

ज्याची नोकरी अशी गेली, तो मनुष्य अडाणी नव्हे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. साखर कारखान्यातील पॅनमनचेच उदाहरण घ्या. पॅनमध्ये पाक शिजत असताना त्याचा थेंब काचेवर घेऊन, तो उजेडासमोर धरून, दाणा धरला की नाही हे तो सांगतो. बोटांच्या चिमटीत पाकाची तार ताणून पुढचा निर्णय घेतो. हे ज्ञान पुस्तकात थोडे आणि बोटांत फार असते. ते यायला दहा-पंधरा हंगाम लागतात. गव्हाणीपासून उसाच्या चिपाडापर्यंत यंत्राच्या आवाजावरून कोठे बिघाड आहे हे ओळखणारा मिल फिटर, परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळविलेला बॉयलर अटेंडंट, कोणत्या शिवारातला ऊस कधी तोडीला येईल हे वही न उघडता सांगणारा शेतकी खात्यातला माणूस, ही सारी ह्या तालुक्याने पन्नास-साठ वर्षांत कमावलेली पुंजी आहे. ती आज चहाच्या टपरीसमोर बाकावर बसून आहे.

हा पॅनमन नोकरी मागावयास गेला म्हणजे काय होते? त्याला काय येते हे कोणी विचारीत नाही, जन्मसाल विचारतात. ते ऐकले की अर्ज घेणारा मान न वर करता कागद बाजूला ठेवतो. फार तर ठेकेदाराकडे हजेरीवर या, असे सांगण्यात येते. ठेकेदाराच्या मजुरीत त्याच्या पंचवीस हंगामांची किंमत शून्य धरलेली असते; आणि बहुधा त्याच्याच हाताखाली शिकलेला तरुण त्याच्यावर मुकादम असतो.

सरकारी नोकरीचे दार तर त्याला केव्हाच बंद झालेले असते. राज्याच्या सेवेत शिरण्याची कमाल वयोमर्यादा २०१६ साली वाढविण्यात आली, तीही खुल्या वर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ एवढीच. दुसरीकडे कर्मचारी पेन्शन योजनेचे पूर्ण पेन्शन ५८ व्या वर्षी सुरू होते. पन्नाशीनंतर ते आधीही घेता येते, पण ५८ ला जेवढी वर्षे उणी, तितके दर वर्षामागे चार टक्के कापून. म्हणजे ४५ व्या वर्षी ज्याचा कारखाना बंद पडला, तो नोकरीसाठी म्हातारा आणि पेन्शनसाठी तरुण! मधल्या तेरा वर्षांत त्याने काय खावे, हे कोणत्याच नियमात लिहिलेले नाही. आणि नेमकी हीच वर्षे मुलीच्या लग्नाची, मुलाच्या शिक्षणाची आणि म्हाताऱ्या आईबापांच्या आजारपणाची असतात.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या औद्योगिक संबंध संहितेचा पुष्कळ गाजावाजा झाला. तीत छाटणी झालेल्या कामगारासाठी पुनर्कौशल्य निधी आहे. मालकाने त्यात पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम भरावयाची आहे. पंधरा दिवसांच्या पगारात पन्नाशीच्या माणसाने नवा धंदा शिकावा, ही कल्पना ज्याला सुचली त्याने स्वतः एखादा धंदा शिकून पाहिला होता काय, अशी आम्हांस शंका येते. पण त्याहून गंभीर गोष्ट निराळीच आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात छाटणी झालेल्या कामगाराला पुन्हा भरतीच्या वेळी अग्रक्रम होता आणि त्याला मुदत नव्हती. नव्या संहितेत तो एका वर्षापुरता ठेवला आहे. कापडगिरणीला किंवा मोटारीच्या कारखान्याला एक वर्ष म्हणजे पुष्कळ काळ असेल. साखर कारखान्याला एक वर्ष म्हणजे एक गळीत हंगाम! कारखाना छाटणी करून दोन हंगाम बंद राहिला आणि तिसऱ्या हंगामाला चाके फिरली, तर जुन्या माणसाचा कायदेशीर हक्क तोवर संपलेला असेल. शिवाय करार संपला म्हणून ज्याला घरी बसविले, त्याची छाटणी झाली असे कायदा मुळी म्हणतच नाही. हा कायदा करणाऱ्यांना उसाचा हंगाम ठाऊक नसावा, हे महाराष्ट्राच्या खासदारांना भूषणावह नाही.

कारखानदारांचे म्हणणे आम्ही ऐकून घेतो. वयस्क माणूस आजारी पडतो, नवी यंत्रे त्याला उमगत नाहीत, संगणकाच्या पडद्यावर तो बिचकतो, असे ते म्हणतात. काही अंशी हे खरे आहे. पॅनच्या कारभारात आता विजेची उपकरणे आली आहेत आणि पूर्वीचा डोळ्याचा अंदाज थोडा मागे पडला आहे. पण यंत्र बिघडते त्या रात्री कोणाला उठवून आणतात, हे ह्याच कारखानदारांनी आम्हांस सांगावे. आणि वयाचा बाऊ सर्वत्र सारखा कोठे आहे? संचालक मंडळांत साठीचे, सत्तरीचे सदस्य सुखाने नांदतात. लोकसभेला उभे राहण्यास राज्यघटनेने २५ वर्षांची किमान अट घातली, कमाल घातली नाही. देश चालविण्यास जे वय आड येत नाही, ते बॉयलर चालविण्यास यावे, हा न्याय विचित्र आहे. तरुणांच्या तोंडचा घास हे काढून घेतील, हा आक्षेप मात्र आम्हांस वरवर टाळता येत नाही. तालुक्यात बेकार तरुण आहेत आणि त्यांचा संताप खोटा नाही. परंतु बापाला घरी बसवून मुलाला निम्म्या पगारावर ठेकेदाराकडे लावले, तर त्या घरात एक पगार गेला आणि अर्धा आला. ह्या व्यवहारात तरुणाचा लाभ आम्हांस दिसत नाही, ठेकेदाराचा दिसतो.

अमेरिकेने १९६७ साली चाळिशीपुढील माणसाला केवळ वयामुळे नोकरी नाकारणे बेकायदा ठरविले. आपल्या घटनेच्या सोळाव्या कलमात धर्म, जात, लिंग, जन्मस्थान अशा अनेक गोष्टींवरून सरकारी नोकरीत भेदभावास बंदी आहे; त्या यादीत वय नाही. पण परदेशाकडे पाहण्याचीही गरज नाही. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे ह्यांच्या विचारातून उभ्या राहिलेल्या आणि १९७७ साली कायदा झालेल्या रोजगार हमीत ह्याच महाराष्ट्राने काम मागणाऱ्याला एवढेच विचारले होते, की तू सज्ञान आहेस काय आणि तुझी कष्टाची तयारी आहे काय. वरची मर्यादा घातली नव्हती. खडी फोडण्याच्या कामावर जो नियम चालला, तो कारखान्याच्या दारात का चालू नये?

हा प्रश्न आज काढण्यास कारण आहे. शिर्डीजवळ सावळीविहीर शिवारात शेती महामंडळाच्या जमिनीवर औद्योगिक वसाहत उभारण्याचा निर्णय २०२३ साली झाला. जमीन महामंडळाची, म्हणजे ज्यांच्या घामाने ती कसली गेली त्या मजुरांची तिच्यावर पहिली उपकारफेड आहे. भूखंड देताना सरकार उद्योजकांकडून अनेक अटी लिहून घेते. स्थानिकांना नोकऱ्या, ही त्यांतली नेहमीची. तिच्यापुढे आणखी एक ओळ घालावी, की कमाल वयाची अट लावता येणार नाही, आणि महामंडळाच्या व बंद कारखान्यांच्या कामगारांची नावे प्रथम बोलावली जातील. त्या नावांची यादी तहसील कार्यालयाने आणि सेवायोजन कार्यालयाने मिळून आताच करावी. प्रत्येकाच्या नावापुढे त्याचे कसब लिहावे: पॅनमन, फिटर, बॉयलर अटेंडंट, वायरमन, पाटकरी. जन्मतारखेचा रकाना त्या यादीत ठेवू नये. भूखंडांचे वाटप पुरे होण्याच्या आत हे झाले पाहिजे. एकदा कारखान्यांना फाटके लागली, की आत कोणाला सोडावयाचे हे ठेकेदार ठरवील.