खारट पाणी आणि गप्पी मासा

पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांच्या बऱ्याच भागांत, विहिरीचे पाणी खारट असून त्यात साबणास फेस येत नाही. जे पाणी पिकास बाधते त्यात मासा काय जगणार, असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु गप्पी माशाच्या बाबतीत तो बरोबर नाही. अंडी न घालता जिवंत पिले देणाऱ्या या दक्षिण अमेरिकेतील माशास जड व किंचित खारे पाणी मानवते. 24 ते 28 अंश सेल्सिअस उष्णमान त्यास उत्तम.

काचेच्या पेटीतील मासे मरतात ते बहुधा हयगयीने. ब्लीचिंग पावडर घातलेले पाणी लगेच ओतणे, खाद्य अधिक टाकणे, सर्व पाणी एकदम बदलणे ही त्याची कारणे होत. नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून मगच घालावे. आठवड्यास चौथा हिस्साच बदलावा. उन्हाळ्यात पेटी सावलीत ठेवावी.

गप्पी डासांच्या अळ्या खातो, म्हणून घरच्या हौदातही तो उपयोगी आहे. मात्र नदीनाल्यांत तो सोडू नये. तेथील देशी माशांच्या पिलांवरही तो ताव मारतो. ग्रामकार्यकर्त्यांनी मासे देताना या दोन्ही गोष्टी अवश्य समजावून सांगाव्यात.