पाठीवरचे बिऱ्हाड गावात उतरले, पुढे काय?

आंबा उतरवून झाला, पर्यटक परतले आणि पावसाने जोर धरला, की आपल्या किनारपट्टीच्या गावांतल्या भाड्याच्या खोल्यांना कुलपे लागायची. अलीकडे त्यातल्या एखाद्या खोलीत भर पावसातही दिवा जळताना दिसतो. आत पुण्या-मुंबईचा, कधी बेंगळुरूचा एखादा तरुण लॅपटॉप उघडून बसलेला असतो. तो सुट्टीवर आलेला नाही, कामावर आहे. पगार शहरातल्या कंपनीचा, टेबल आपल्या पडवीतले. महिना-दोन महिने राहायचे, मग बॅग उचलून पुढच्या गावी. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, तशातला प्रकार. शेजारची म्हातारी विचारते, "दिवसभर तेच्यापुढे बसान काय करतस रे?" तो हसून सांगतो, "नोकरी करतोय, आजी."

हा विषय आता हसण्यावारी नेण्यासारखा राहिलेला नाही. अशा फिरत्या नोकरदारांमुळे गावात चार पैसे येतात, हे खरे. त्यांच्यामुळे गावावर काही भारही पडतो, हेही तितकेच खरे. दोन्ही बाजू तपासून पाहण्याचे काम सरपंच, सदस्य आणि ग्रामपंचायत अधिकारी (लोकांच्या तोंडी अजून ग्रामसेवकच) यांचे आहे. ते न झाल्यास जे व्हायचे ते आपोआप होत जाईल, आणि आपोआप होणारे सगळेच भल्याचे असते असे नाही.

हे सुरू कसे झाले?

मार्च 2020 मध्ये देशभर टाळेबंदी लागली आणि कचेऱ्या एका रात्रीत घरात आल्या. पुढे नोव्हेंबर 2020 मध्ये केंद्राच्या दूरसंचार खात्याने या धंद्यावरचे जुने नियम सैल केले. घरूनच काय, देशात कुठूनही बसून काम करायला मोकळीक मिळाली. त्याच वर्षी गणपतीला चाकरमानी गावी आले ते दहा दिवसांच्या विलगीकरणाची अट पाळून. कुणी शाळेत राहिले, कुणी मांगरात. गौरी-गणपती झाले तरी त्यातले काही परत गेले नाहीत. लॅपटॉप सोबत होता, रेंज मिळत होती, कंपनीची हरकत नव्हती.

2022-23 पासून वारे फिरले. मोठ्या कंपन्यांनी माणसे परत बोलावली, आधी आठवड्यातले दोन-तीन दिवस, मग जास्त. गावातली बरीच पोरे पुन्हा मुंबई-पुण्याच्या गाडीत बसली. मात्र एक वर्ग फिरताच राहिला. संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारे, चित्रे आणि जाहिराती तयार करणारे, भाषांतर करणारे, हिशेब पाहणारे, ऑनलाइन शिकवणारे. यांतले पुष्कळ जण कुणाचे कायम नोकर नाहीत, सुटी कामे घेतात. जिथे वीज, इंटरनेट आणि स्वस्त खोली, तिथे त्यांचा मुक्काम.

त्यांचे सुख आणि त्यांचे हाल

बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, काय मजा आहे! सकाळी समुद्र, दुपारी माशाची आमटी, मधल्या वेळात जरा बटणे दाबली की पगार. शहराच्या मानाने भाडे कमी, लोकलची धक्काबुक्की नाही, हवा चांगली. हे सुख खोटे नाही.

पण त्याचे हालही जवळून पाहावेत. साहेबांबरोबर बैठक सुरू आहे आणि लाइट गेली. इन्व्हर्टरवर लॅपटॉप चालला, तरी थोड्या वेळाने टॉवरची बॅटरी उतरते आणि रेंजही जाते. तारेवर फांदी पडली म्हणून वायरमनला फोन लावावा, तर तो आधीच तिसऱ्या वाडीत खांबावर चढलेला. रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीने केबल तोडली, तर तो दिवस गेलाच. ज्यांचे गिऱ्हाईक अमेरिकेत आहे त्यांचे काम आपल्या रात्री चालते. गाव झोपते तेव्हा ते जागे, गाव उठते तेव्हा ते झोपलेले. अशाने ओळखी होत नाहीत आणि एकटेपणा येतो. कामाची जागा आणि झोपायची जागा एकच, त्यामुळे काम कुठे संपते तेच कळत नाही. आजारी पडले तर प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे लागते आणि मोठे दुखणे असले तर जिल्ह्याचे ठिकाण. सुटे काम करणाऱ्याला भरपगारी रजा नाही. काम थांबले की पैसे थांबले.

3 जून 2020 चे निसर्ग वादळ आणि मे 2021 चे तौक्ते वादळ आपल्या लोकांना आठवत असेल. निसर्गानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागातल्या कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती. जो माणूस केवळ तारेच्या भरवशावर पोट भरतो, त्याला असे दिवस म्हणजे दुष्काळच. शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको.

यात एक मेख आहे. खोल्या रिकाम्या असतात त्या पावसाळ्यात. पर्यटक येत नाही तेव्हा हा फिरता नोकरदार येऊ शकतो, कारण त्याला समुद्रात डुंबायचे नसते, काम करायचे असते. पण नेमक्या त्याच चार महिन्यांत आपली वीज सर्वांत बेभरवशाची. म्हणजे ज्या काळात उत्पन्नाची संधी, त्याच काळात सोय नाही.

बाहेर काय अनुभव आला?

सिक्कीममधल्या पाक्योंग जिल्ह्यात याकतेन नावाचे डोंगरातले गाव आहे. 2025 मध्ये तिथल्या जिल्हा प्रशासनाने एका संस्थेच्या मदतीने हे गाव फिरत्या नोकरदारांसाठी तयार केले. विचार साधा होता. हंगाम संपला की गावातली पाहुण्यांची घरे रिकामी पडतात, तेव्हा महिना-महिना राहणारा पाहुणा आणावा. त्यासाठी रोषणाई किंवा स्वागत कमान उभारली नाही. इंटरनेटची एक लाइन बंद पडली तर दुसरी चालावी आणि वीज गेली तरी काम थांबू नये, याची सोय केली. आपल्याकडे पर्यटन म्हटले की आधी कमान आणि फलक आठवतो, म्हणून हा तपशील महत्त्वाचा.

त्याही आधी, फेब्रुवारी 2021 मध्ये, पोर्तुगालच्या मदेरा बेटावर पोंता दो सोल या छोट्या गावाने असाच प्रयोग केला. गावच्या सांस्कृतिक केंद्रात टेबले मांडली, इंटरनेट फुकट दिले. जगभरातून माणसे आली, खानावळी चालल्या, खोल्या भरल्या. पण थोड्याच काळात दुसरी बाजू दिसू लागली. भाडी चढली आणि तिथल्याच तरुण जोडप्यांना घर परवडेना, अशी तक्रार सुरू झाली.

असे का होते, ते एका आकड्यावरून समजते. ऑक्टोबर 2022 मध्ये पोर्तुगालने अशा लोकांसाठी खास व्हिसा सुरू केला. त्याची अट अशी, की अर्जदाराचे उत्पन्न तिथल्या किमान वेतनाच्या निदान चौपट हवे. आता ज्याची कमाई गावच्या मजुराच्या चौपट, त्याच्याशी भाड्याच्या बाबतीत गावचा माणूस टक्कर देणार कशी? मालक वाईट असतो असे नाही, पण तोही चार पैसे जास्त मिळतील तिकडेच पाहणार. जुलै 2025 मध्ये मेक्सिको शहरात याच कारणावरून लोक रस्त्यावर उतरले.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. शेजारच्या गोव्यात आसगाव, शिवोली, हणजूण या भागांत 2020 नंतर शहरी माणसांची रीघ लागली आणि घरभाडी स्थानिकांच्या आवाक्याबाहेर गेली. आपल्याकडे ती वेळ अजून आलेली नाही. विचार करायचा तो आत्ताच.

पाण्याचा हिशेब

आपल्याकडे पावसाळ्यात विहिरी तुडुंब असतात आणि एप्रिल-मे महिन्यांत त्याच वाड्यांवर टँकर लागतो. जलजीवन मिशनमध्ये गावच्या माणसामागे दिवसाला 55 लिटर पाणी धरले आहे. शहराच्या पाणीयोजना माणशी 135 लिटर धरून आखतात. शहरातून आलेला पाहुणा शहरी सवयीनेच पाणी वापरणार. समजा गावात असे वीस पाहुणे राहिले, तर दिवसाला 2700 लिटर पाणी लागले. गावच्या हिशेबाने हे 49 माणसांचे पाणी झाले. जुलैमध्ये त्याचे काही वाटणार नाही. मे महिन्यात मात्र नळावर भांडणे होतील, आणि ती पाहुण्याशी नाही, गावकऱ्या-गावकऱ्यांत होतील.

भाड्याचेही तसेच आहे. गावात खोली कुणाला लागते? जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकाला, आरोग्यसेविकेला, बँकेतल्या कारकुनाला. खोल्यांचे भाडे पाहुण्याच्या खिशाकडे बघून ठरू लागले, की ही माणसे तालुक्याला राहून जाऊन-येऊन नोकरी करणार. मग शिक्षक गावात राहत नाही म्हणून ग्रामसभेत ओरड करण्यात काय अर्थ?

खरा प्रश्न आपल्या पोरांचा

पाहुणा हवा की नको, एवढ्यावर वाद घालत बसण्यापेक्षा मुळाशी जाऊ. पाहुण्याला काय लागते? न तुटणारे इंटरनेट, न जाणारी वीज आणि बसायला शांत जागा. आपला मुलगा किंवा मुलगी गावात राहून कमवू शकत नाही, त्याचे एक मोठे कारण तरी काय? याच तीन गोष्टी नाहीत.

थोडा हिशेब मांडू. आकडे उदाहरणादाखल आहेत. एक खोली महिन्याला 6 हजार रुपयांनी वर्षातून सहा महिने गेली, तर घरात 36 हजार आले. त्याच घरातली बी.कॉम. झालेली मुलगी गावात बसून पुण्याच्या एखाद्या फर्मचे हिशेब लिहू लागली आणि तिला महिना 20 हजार मिळाले, तर वर्षाला 2 लाख 40 हजार झाले. शिवाय ती घरी राहते, आंब्याच्या हंगामात पेट्या भरायला हात मिळतो आणि म्हाताऱ्या आई-बापांना सोबत होते. पाहुणा मे संपला की जाईल. तिचे घर इथेच आहे.

कोकणाने आजवर पोरे मुंबईला दिली आणि बदल्यात मनिऑर्डर घेतली. गिरणीतला बाप गेला, कचेरीतला मुलगा आला, पण गाव मनिऑर्डरवरच राहिले. 'चाकरमानी' शब्दाऐवजी 'कोकणवासीय' म्हणावे, अशी मागणी झाली आणि 2025 मध्ये सरकारदरबारी ती ऐकलीही गेली. शब्द बदलला, चांगले झाले. पण दिवाणखान्यात बसून मुंबईचे काम करता येईल अशी तार घरापर्यंत आली, तरच माणूस खऱ्या अर्थाने इथला वासी होईल.

केंद्राची भारतनेट योजना 2011 मध्ये वेगळ्या नावाने सुरू झाली. तिची तार पोहोचवायची ती ग्रामपंचायतीपर्यंत. आपली गावे मात्र वाड्या-वाड्यांची, डोंगराच्या अंगाखांद्यावर विखुरलेली. कार्यालयात तार आली म्हणून वरच्या वाडीला उपयोग नाही. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्राने सुधारित योजनेला सुमारे 1 लाख 39 हजार कोटी रुपये मंजूर केले. तीत केबलची साखळी गोलाकार जोडायची आहे, म्हणजे एका बाजूला तुटली तरी दुसऱ्या बाजूने काम चालेल. ग्रामपंचायतींच्या पलीकडच्या गावांनाही मागणीप्रमाणे जोडणी द्यायची आहे. इथे 'मागणी' हा शब्द ध्यानात ठेवावा. जे गाव मागणार नाही ते मागेच राहणार.

ग्रामपंचायतीने काय करावे?

पहिली गोष्ट, गाव विकास आराखड्यात एका खोलीचे काम धरावे. वाचनालय असो, जुनी शाळाखोली असो, नाहीतर ग्रामपंचायतीची माडी. तिथे तार, इन्व्हर्टर, पाच-सहा टेबले, स्वच्छतागृह आणि रात्री उघडी ठेवायची सोय असावी. पहिला हक्क गावच्या मुलामुलींचा. जागा उरली तर पाहुण्याला फी घेऊन द्यावी आणि त्या फीतून विजेचे बिल भागवावे.

दुसरी गोष्ट, पावसाआधी वीज कंपनीच्या शाखा कार्यालयाला वाडीवार यादी द्यावी. कोणत्या तारेवर फांद्या आल्या आहेत, कोणता खांब वाकला आहे, कोणत्या डीपीची पेटी उघडी आहे. तोंडी सांगू नये, लेखी द्यावे आणि पोच घ्यावी.

तिसरी गोष्ट घरमालकांसाठी. भाड्याचा करार लेखी आणि नोंदणी केलेला असावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 प्रमाणे ती जबाबदारी मालकाची आहे. पाहुण्याची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी. विदेशी पाहुणा असेल तर 24 तासांच्या आत ऑनलाइन कळवावे लागते. 'ओळखीचा आहे हो' म्हणून हे टाळले, तर उद्या मालकच अडकतो.

चौथी गोष्ट, पाणी आणि भाडे. भाड्याच्या खोल्या किती आणि कोणाच्या, याची ग्रामपंचायतीकडे नोंद असावी. घरपट्टी आणि पाणीपट्टीच्या आकारणीत राहते घर आणि पाहुण्यांच्या खोल्या यांत फरक करावा का, हे ग्रामसभेत उघडपणे बोलावे. मे महिन्यात टँकर लागणाऱ्या वाडीत किती पाहुणे ठेवायचे, हेही आधीच ठरलेले बरे. शिक्षक आणि आरोग्यसेविकेसाठी दोन खोल्या माफक भाड्याने राखून ठेवण्याबाबत मालकांशी बोलता येईल.

आणि एक सांगावेसे वाटते. खोली भाड्याने द्या, बाग विकू नका. भाडे दरवर्षी येते, जमीन एकदाच जाते.

येत्या ग्रामसभेत हा विषय ठेवायला हरकत नाही. सभेत दहा-पंधराच माणसे असतात, त्यांतले निम्मे सहीपुरते, ही आपली नेहमीची अडचण. या वेळी घरातल्या शिकलेल्या मुलीला आणि सुनेला सोबत न्यावे. तार कुठपर्यंत हवी आणि खोली कधी उघडी हवी, हे त्याच नीट सांगतील.