पदवी दर सहा वर्षांनी शिळी होते काय?

प्रति,
प्रा. राम शिंदे,
सभापती, महाराष्ट्र विधान परिषद

सभापती महोदय,

नाशिक विभाग पदवीधर मतदारसंघाची यादी प्रत्येक निवडणुकीला कोऱ्या कागदापासून तयार होते, त्यामुळे मागील खेपेस रांगेत उभे राहून मत दिलेल्या मतदाराचे नावही गळते आणि त्याला पुन्हा नमुना १८ भरून, पदवीची साक्षांकित प्रत जोडून, आपण अजूनही पदवीधर आहोत हे सिद्ध करावे लागते. विधानसभेच्या यादीतील नाव कायम राहते. पदवी मात्र सहा वर्षांत शिळी होते, हा शोध कोणत्या विद्यापीठात लागला याचा खुलासा शासनदरबारी झालेला नाही. या तक्रारी दर निवडणुकीआधी होतात, निकालानंतर त्यांची वासलात लागते, आणि पुढील खेपेस तोच नमुना पुन्हा हाती येतो.

याचे परिणाम आकड्यांतच पाहावेत. नाशिक, अहिल्यानगर, जळगाव, धुळे आणि नंदुरबार या पाच जिल्ह्यांची लोकसंख्या २०११च्या जनगणनेनुसार सुमारे १ कोटी ८५ लाख होती, तर जानेवारी २०२३च्या निवडणुकीसाठीच्या यादीत जेमतेम २ लाख ६२ हजार पदवीधर होते. त्यांतील निम्म्याहून कमी मतदानाला आले, आणि आलेल्यांपैकी बारा हजारांहून अधिक सुशिक्षितांची मते बाद ठरली. विजयी उमेदवार सत्यजित तांबे यांना ६८,९९९ आणि त्यांच्या निकटच्या प्रतिस्पर्धी शुभांगी पाटील यांना ३९,५३४ मते मिळाली. म्हणजे विभागाच्या लोकसंख्येच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी लोकांच्या पसंतीवर वरिष्ठ सभागृहातील सहा वर्षांचे आसन ठरले. तेच आसन आधी तीन वेळा सत्यजित यांचे वडील डॉ. सुधीर तांबे यांच्याकडे होते. २०२३ मध्ये काँग्रेसची उमेदवारी वडिलांना जाहीर झाली असता अर्ज मुलाने अपक्ष म्हणून भरला, ही गंमत सभागृहाला ठाऊक आहेच.

यादी कोरी असली की ती भरण्याची यंत्रणा ज्याच्याकडे, त्याच्याकडे मतदारसंघ जातो. गठ्ठ्याने आलेले अर्ज स्वीकारू नयेत, असा निवडणूक आयोगाचा दंडक आहे. परंतु संस्थाप्रमुखाने आपल्या संस्थेतील पात्र कर्मचाऱ्यांचे अर्ज एकत्र पाठवण्यास मुभा आहे. दबावगट, म्हणजे स्वतः सत्तेवर न बसता सत्तेचे निर्णय आपल्या हिताकडे वळवणारा संघटित समूह, याच मुभेतून आत शिरतो. नाशिक विभागाच्या शिक्षक मतदारसंघात तर हे अधिकच उघडे आहे. तेथे नमुना १९ चालतो, मतदार माध्यमिक किंवा त्यावरील स्तराचा शिक्षक असावा लागतो, उमेदवार मात्र शिक्षक असण्याची अट नाही. त्यामुळे २०२४ मध्ये सुमारे ६९ हजार मतदारांच्या या मतदारसंघात शिक्षणसंस्था आणि साखर कारखानदारीशी निगडित घराणी एकमेकांसमोर उभी ठाकली आणि मतदान नव्वद टक्क्यांच्या वर गेले. पदवीधरांचा निरुत्साह आणि शिक्षकांचा हा उत्साह यांतील फरक नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून समजणार नाही. ज्याच्या सहीने वेतन निघते, त्याच्या कार्यालयातून अर्ज गेला असेल तर तो समजतो.

हितसंबंध सभागृहात येणे हा दोष नव्हे, हेही नोंदवले पाहिजे. बी. टी. देशमुख प्राध्यापकांच्या ‘नुटा’ संघटनेच्या बळावर अमरावती पदवीधर मतदारसंघातून १९८० ते २०१० अशी तीस वर्षे निवडून आले, पण ते केवळ वेतनश्रेणीवर थांबले नाहीत आणि विदर्भाच्या अनुशेषाचा, म्हणजे मागे राहिलेल्या विकासखर्चाचा, हिशेब त्यांनी सरकारकडून पानापानाने मागितला. वि. स. पागे यांनी याच सभागृहाचे सभापतिपद भूषवताना रोजगार हमी योजनेचा पाठपुरावा केला. तिच्यासाठी १९७५ पासून पगारदारांच्या खिशातून व्यवसाय कर घेतला गेला आणि ज्या मजुरांना ती मिळाली त्यांना कोणताही राखीव मतदारसंघ नव्हता. अमेरिकेत १९९५च्या कायद्याने दबावगटांच्या व्यावसायिक प्रतिनिधींना नोंदणी व खर्चाचा तपशील देणे बंधनकारक आहे; महाराष्ट्रात असा कायदा नसल्याने हे सारे शिफारसपत्रांच्या सभ्य भाषेत चालते.

नाशिकच्या द्वारका चौकातून मुंबई–आग्रा आणि नाशिक–पुणे महामार्गांच्या गर्दीतून पायी जाणाऱ्याला मात्र विधान परिषदेत मतदारसंघ नाही. त्याचा अप्रत्यक्ष आवाज स्थानिक स्वराज्य संस्थांच्या जागेतून जायचा. पण महापालिकेचा कारभार मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत प्रशासकाच्या हाती राहिला आणि नाशिकच्या त्या जागेची मुदत २१ जून २०२४ रोजी संपली तरी निवडणूक वेळेवर झाली नाही. त्याच काळात, ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागण्याच्या उंबरठ्यावर राज्यपालनियुक्त सात जागा मात्र तत्परतेने भरल्या गेल्या. साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा यांसाठी संविधानाने राखलेल्या त्या जागांवर पक्षांचे पदाधिकारीच कसे सापडतात, हा संशोधनाचा विषय ठरावा.

महोदय, आपण २०१९ मध्ये कर्जत-जामखेडमधून पराभूत झालात, २०२२ मध्ये परिषदेवर आलात, २०२४ मध्ये त्याच मतदारसंघात पुन्हा पराभूत झालात आणि महिन्याभरात सभापती झालात. वरिष्ठ सभागृह पराभूतांना किती उदारपणे सामावून घेते हे आपल्याहून अधिक कोणास सांगावे लागेल? तीच उदारता यादीतून गळलेल्या मतदारांच्या वाट्याला यावी. पदवीधर व शिक्षक मतदारयाद्या कायमस्वरूपी ठेवाव्यात, अशी शिफारस करणारा ठराव सभागृहाने केंद्राकडे व आयोगाकडे पाठवावा. आणि मागील दोन निवडणुकांत संस्थाप्रमुखांमार्फत किती अर्ज आले, याची संस्थानिहाय आकडेवारी आयोगाकडून मागवून पटलावर ठेवावी. ही आकडेवारी सादर करण्यास सदस्यांपैकी कोणाचा विरोध होतो, त्यांची नावेही कार्यवृत्तात यावीत.

द्वारका, नाशिक येथील पदवीधर मतदार