दप्तरमुक्त दहा दिवस ठीक, पण मुलांच्या हातात काम कधी?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दहा दप्तरमुक्त दिवस सुचवले आहेत. मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे जाऊन शिकावे, ही अपेक्षा. २०२५ पर्यंत किमान ५० टक्के विद्यार्थ्यांना व्यावसायिक शिक्षणाची ओळख व्हावी, हे उद्दिष्टही त्यातच आहे. अडचण ‘ओळख’ या शब्दात आहे. कारखान्यात एक फेरी, गेटसमोर ग्रुप फोटो, दोन पानी अहवाल; एवढ्यानेही ओळख होते. काम येत नाही.

मग काम येते कसे?

यासाठी जर्मनी गाठायची गरज नाही. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे घडलेला ‘आयबीटी’ अभ्यासक्रम आठवी ते दहावीच्या मुलांसाठी आहे. आठवड्यातून एक दिवस वेल्डिंग, वायरिंग, शेती-पशुपालन, अन्न आणि आरोग्य असे विषय. मुलींना वेल्डिंग आणि मुलांना स्वयंपाकही. शिकवायला बऱ्याचदा परिसरातलेच कारागीर.

मुख्य म्हणजे मुले शाळेची आणि गावाची खरी कामे करतात. सरावासाठी वेल्ड केलेला तुकडा गुण मिळाले की भंगारात जातो. फाटकाची बिजागरी नीट बसली नाही, तर फाटक लोंबते आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसते. रंग किती लागेल हे काढताना क्षेत्रफळ डोक्यात बसते. ‘ही कामे अभ्यासात मागे असलेल्यांसाठी’ म्हणणाऱ्यांनी एकदा असे अंदाजपत्रक मांडून पाहावे.

हे बालमजुरी ठरणार नाही का?

प्रश्न रास्त आहे. १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास कायद्याने बंदी आहे. १४ ते १८ वयोगटाला धोकादायक कामे देता येत नाहीत. शिकाऊ उमेदवार कायद्यातही किमान वय १४ आहे. म्हणजे बाहेरच्या गॅरेजात वा दुकानात नियमित शिकण्याचा विचार नववी-दहावीपासूनच करता येतो. तिथेही धोका उरतोच: महिनाभर मुलाकडून नुसत्या गाड्या पुसून घेतल्या, तर ते शिक्षण नव्हे, फुकटचा पोऱ्या झाला. रोज किती तास, कोणते काम, देखरेख कोणाची, इजा झाल्यास खर्च कोणाचा, हे शाळेने आधी लेखी ठरवायला हवे. एरवी सहलीच्या संमतीपत्रासाठी पालकांच्या मागे लागणाऱ्या शाळांना हे जड जाऊ नये.

पालकांकडे दप्तरमुक्त दिवसाची सूचना आली, की त्यांनी दोनच गोष्टी विचाराव्यात: मूल तिथे काय बनवणार आणि ते वापरणार कोण?