गालांवरची लाली

गेल्या महिन्यांत गिरडास आमच्या नातवाचे गाल चापट बसल्यागत लाल झाले. घरांत दृष्ट निघाली; माझें लक्ष मात्र चौथा महिना लागलेल्या सूनबाईकडे गेलें. पार्व्हो बी-१९ नांवाचा हा विषाणु १९७५ सालीं लंडनमध्यें रक्तदात्यांच्या रक्तांतच सांपडला. तांबड्या पेशी घडविणाऱ्या मज्जेवरच त्याचा घाला. म्हणून पहिल्या वीस आठवड्यांत गर्भास क्वचित् प्राणघातक पांडुरोग होतो. आमच्या विदर्भांतील सिकलसेलच्या रुग्णांसही तें भय आहेच. लाली उमटते तेव्हां संसर्गाचा काळ बहुधा सरलेला असतो, आणि दाता तर धडधाकटच दिसतो! रक्तपेढीच्या पांच सक्तीच्या तपासण्यांत हा विषाणु नाहीं. नवल असें कीं, गर्भ फारच रक्तहीन झाल्यास नाळेंतून त्यास दात्याचेंच रक्त देतात. सूनबाईस हा विकार पूर्वींच होऊन गेल्याचें रक्ततपासणींत निघालें. दृष्टीचा गुण, असें आमच्या घरांतून म्हणणें आहे.